द ग्रेट कारुसो (१९५१) बघितला, यातलं खरं किती आणि मसाला किती?

भुसावळ_पॅसेंजर
नमस्कार मंडळी. एक जुना इंग्रजी सिनेमा बघितला, द ग्रेट कारुसो, १९५१ चा, एमजीएम स्टुडिओचा, चांगला रंगीत. एन्रिको कारुसो नावाच्या इटालियन ऑपेरा गायकाचं चरित्र आहे. मी इथे भुसावळला रेल्वेत आहे आणि ड्युटी सांभाळून गाणं शिकतो, विशारदची तयारी चालू आहे, म्हणजे ऑपेराशी तसा संबंध शून्य. पण आमच्या सरांना कोणीतरी हा सिनेमा पेनड्राइव्हवर दिला आणि ते मला म्हणे तू बघून घे, रविवारी क्लासात सगळ्यांना दाखवू आणि सुरू व्हायच्या आधी थोडं तू बोल. आलं माझ्याच गळ्यात.

स्टोरी थोडक्यात अशी की नेपल्सचा गरीब घरचा पोरगा, आई लहानपणी जाते, हॉटेलात वगैरे गाऊन पोट भरतो, मग ऑपेरात शिरतो, लंडन, मग न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन, तिथे मोठ्या घरची मुलगी डोरोथी, तिच्या बापाचा विरोध, तरी लग्न, मुलगी होते, आणि शेवटी घसा खराब असताना मार्था नावाच्या ऑपेरात गाता गाता स्टेजवरच कोसळतो. मला तर शेवटी भरून आलं राव, खोटं कशाला बोलू.

पण आपल्याकडचे बायोपिक बघून बघून एक सवय लागलीये की जिथे जास्त रडू येतं तिथे जास्त शंका घ्यायची. तर खरंच स्टेजवर मेला का तो? लग्नाचं एवढं खरं होतं का? आणि हिरो मारिओ लान्झा, तो स्वतः गायलाय की मागून कोणी? कारण तोंड आणि आवाज इतके जुळतात की प्लेबॅक वाटतच नाही. आणि हिरोइन एक वॉल्ट्झ (नाचाच्या ठेक्यातलं गाणं) म्हणते त्याची चाल मी आधी शंभर टक्के ऐकलीये पण कुठे ते आठवत नाही. जाणकारांनी सांगा, रविवार जवळ आलाय.

पिंप्राळ्याचा_श्रोता
भाऊ एकदम चांगला विषय काढला. पटापट सांगतो.

आवाज लान्झाचाच, सगळा. तो खरा टेनर होता, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष, फिलाडेल्फियात १९२१ च्या जानेवारीत जन्मलेला इटालियन घरातला पोरगा, आणि कारुसो गेला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्यामुळे त्याचे फॅन लोक यावरून काय काय कथा रचतात ते विचारू नका. सिनेमा आला तेव्हा लान्झा ३० वर्षांचा. गंमत म्हणजे ऑपेराच्या खऱ्या स्टेजवर तो फार कमी उभा राहिला, १९४८ ला न्यू ऑर्लीन्समध्ये मादाम बटरफ्लाय केलं तेच काय ते मोठं काम. बाकी सगळं सिनेमा, रेडिओ, रेकॉर्ड, कॉन्सर्ट. मात्र सिनेमात त्याच्या आजूबाजूला जे गातात ना, डोरोथी कर्स्टन, ब्लांश थीबम, यार्मिला नोवोत्ना, ज्युसेप्पे वाल्देन्गो, ते अस्सल ऑपेरावाले. म्हणून ते समूहाचे तुकडे इतके भरीव लागतात. ऑस्करही साउंड रेकॉर्डिंगचंच मिळालं होतं या सिनेमाला.

वॉल्ट्झची चाल मेक्सिकोच्या हुवेन्तिनो रोसासची, एकोणिसाव्या शतकातली. सर्कशीत झुल्यावरचे खेळ चालू असताना जगभर तीच वाजवतात, तू लहानपणी सर्कशीतच ऐकली असशील. सिनेमासाठी तिच्यावर नवीन इंग्रजी शब्द बसवले आणि ते अॅन ब्लाइथ गाते, लान्झाने रेकॉर्ड नंतर काढली आणि ती तुफान चालली.

आता स्टेजवर मेला का, तर नाही. ११ डिसेंबर १९२० ला ब्रुकलिनमध्ये लेलिझिर दामोरे नावाचा ऑपेरा चालू असताना त्याच्या घशातून रक्त यायला लागलं, विंगेतून रुमाल देत होते आणि तो ते रक्ताने भरवत गात होता, शेवटी पहिला अंक झाल्यावर खेळ थांबवला. म्हणजे रक्ताचा भाग अगदी हवेतून नाही काढलेला. पण त्यानंतरही गायला तो. शेवटचा प्रयोग २४ डिसेंबर १९२० ला, मेट्रोपोलिटनमध्येच, ला जुईव्ह नावाचा ऑपेरा, त्यात म्हाताऱ्या ज्यू सोनाराचं काम. मार्था नाही. मग छातीत पू झाला, ऑपरेशनं झाली, जरा बरं वाटलं म्हणून इटलीला गेला आणि २ ऑगस्ट १९२१ ला नेपल्समध्ये हॉटेलच्या खोलीत गेला. वय ४८ फक्त.

लग्नाबद्दल लिहितो रात्री, ते मोठं प्रकरण आहे.

धुळ्याचे_तात्या
रात्रीची वाट कशाला पाहता, मी सांगतो. बठ्ठं खोटं शे भो.

कारुसोच्या आयुष्यात डोरोथीच्या आधी आदा जाकेत्ती नावाची बाई होती. स्वतः सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी बाई, नावाजलेली, लग्न झालेली. अकरा वर्षं संसार केला दोघांनी, लग्न न करता कारण इटलीत तेव्हा घटस्फोटच नव्हता. दोन मुलगे, रोदोल्फो १८९८ चा आणि एन्रिको ज्युनियर १९०४ चा. हा जो पोरगा गावठी गाणारा होता त्याला स्टेजवर उभं कसं राहायचं, वाक्य कसं टाकायचं, हे शिकवण्यात तिचा मोठा वाटा होता असं मानतात. १९०८ ला ती त्याच्या ड्रायव्हरबरोबर निघून गेली, मग कोर्टकज्जे, पेपरात बदनामी, सगळं झालं. आणि सिनेमात? नाव नाही बाईचं. दोन मुलगे पण गायब. डोरोथीशी लग्न केलं १९१८ ला तेव्हा तो ४५ चा आणि ती पंचविशीतली. सिनेमात लान्झा आणि अॅन ब्लाइथ कसे दिसतात ते बघितलंच तुम्ही.

आता कारण सांगतो. सिनेमा घेतलाय डोरोथीबाईंनी १९४५ ला लिहिलेल्या पुस्तकावरून. बायकोने लिहिलेलं चरित्र, त्यात सवतीला किती जागा मिळणार? त्यात १९५१ चं हॉलिवूड, तिथे सेन्सॉरचे नियम असे की हिरो लग्नाशिवाय दोन पोरांचा बाप दाखवायची कोणाची छाती नव्हती. म्हणून अर्धं आयुष्य कात्रीने कापून टाकलं आणि वर लिहिलं ग्रेट. मी म्हणतो असले सिनेमे गाणं शिकणाऱ्या पोरांना दाखवूच नये. त्यांना वाटतं कलावंत म्हणजे आईची आठवण काढून रडणारा सज्जन माणूस.

पिंप्राळ्याचा_श्रोता
तात्या आदाचं सगळं मान्य, मी तेच लिहिणार होतो. पण "दाखवूच नये" हे नाही पटलं. मग आपण बालगंधर्वांवरचा सिनेमा पण दाखवायचा नाही का? त्यातही कुठे काय गाळलं यावर वाद घालणारे आपल्या जळगावातच किती निघतील, जिथे नारायण राजहंस लहानपणी राहून मेहबूबखाँकडे गाणं शिकले आणि जिथे दर हिवाळ्यात आपण त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवतो. बालगंधर्वांच्या आयुष्यात आलेल्या गोहरबाईंचा विषय निघाला की आजही काही लोक आवाज खाली करतात. आणि उलटही होतं ना, काही गोष्टी इतक्या फिल्मी असतात की खोट्या वाटतात पण खऱ्या असतात. १९११ ला मानापमानच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पोटची मुलगी गेली आणि तरी बालगंधर्व उभे राहिले. हे कोणी हॉलिवूडमध्ये दाखवलं असतं तर तुम्ही पहिले म्हणाला असता की बठ्ठं खोटं शे.

धुळ्याचे_तात्या
म्हणालो असतो 😄
पण तिथे गाळलं तरी आपल्याला माहीत असतं काय गाळलंय. कारुसोचं भुसावळच्या पोरांना कोण सांगणार? जे पडद्यावर दिसेल तेच खरं धरून चालतील.

तबकडीवाला_अमळनेर
इथे दोघं चांगले भांडी राहिले, मधे पडतो. माझ्याकडे जुन्या तबकड्या आहेत, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या, बाजारातून, भंगारातून, कोणाच्या माळ्यावरून जमवलेल्या, त्यामुळे मला कारुसोच्या आयुष्यापेक्षा त्याच्या आवाजाचं जास्त पडलंय आणि माझी या सिनेमाबद्दलची तक्रार वेगळीच आहे. कारुसो म्हणजे नुसता स्टेजवरचा गायक नाही, रेकॉर्डवर गाजलेला पहिला मोठा माणूस आहे तो. ती गोष्ट सिनेमात यायला हवी तेवढी येत नाही.

११ एप्रिल १९०२. मिलानमधलं एक हॉटेल, वरची खोली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्र घेऊन बसलेला. कारुसो तेव्हा २९ चा, अजून अमेरिकेत कोणी ओळखत नाही. दहा गाणी, शंभर पाउंड, आणि लंडनच्या ऑफिसला तो आकडा ऐकूनच घाम फुटला होता म्हणतात. माइक नाही हे लक्षात घ्या. भिंतीतून आल्यासारखा एक भोंगा, त्याच्या तोंडाशी उभं राहून गायचं, आवाजाच्या धक्क्याने पडदा हलतो, पडद्याला सुई, सुई मेणात रेघ ओढते. बस. वीज कुठेच नाही. बायकांचे बारीक आवाज त्यात पिचकायचे, व्हायोलिन तर मुंगीसारखं ऐकू यायचं, पण कारुसोचा आवाज दाट, खालून भरलेला, जवळजवळ बॅरिटोनसारखा, म्हणजे खालच्या पट्टीतल्या गायकासारखा काळा, तो भोंग्यात बरोबर बसला. माझं तर मत आहे की यंत्राने कारुसोला मोठं केलं तेवढंच कारुसोने यंत्राला केलं, तोपर्यंत श्रीमंत लोक ग्रामोफोनला खेळणं समजत होते.

आणि आता आपल्या कामाचं. हाच गैसबर्ग त्याच वर्षी बोटीत बसून हिंदुस्थानात आला आणि नोव्हेंबर १९०२ ला कलकत्त्याच्या हॉटेलात गौहरजान या गायिकेचं गाणं घेतलं. तोच माणूस, तसाच भोंगा. गौहरजान रेकॉर्ड संपताना इंग्रजीत आपलं नाव सांगते ना, ते त्यासाठीच की परदेशात कारखान्यात लेबल लावणाऱ्याला कळावं तबकडी कोणाची. एप्रिलमध्ये कारुसो, नोव्हेंबरमध्ये गौहरजान. पॅसेंजरभाऊ, रविवारी बोलताना हे सांगा, आपल्या पोरांना ऑपेरा एकदम जवळ येईल.

भुसावळ_पॅसेंजर
बाप रे, तबकडीवाले साहेब, हे तर मला कुठेच सापडलं नसतं. धन्यवाद.

मग आता पुढचा प्रश्न. क्लासात सिनेमाआधी खरा कारुसो एखाद मिनिट ऐकवायचा विचार आहे. कोणतं ऐकवू? नेसुन दोर्मा ऐकवू का, ते सगळ्यांना माहीत असतं.

तबकडीवाला_अमळनेर
ते नाही मिळायचं. ते ज्या ऑपेरात आहे तो तुरांदोत पहिल्यांदा स्टेजवर आला १९२६ ला, कारुसो जाऊन तेव्हा जवळजवळ पाच वर्षं झाली होती. ते तुम्ही पावारोत्ती या नंतरच्या टेनरचं ऐकलंय.

पाल्याच्ची या ऑपेरातलं वेस्ती ला जुब्बा हे गाणं लावा. १९०७ ची रेकॉर्ड, ऑर्केस्ट्रासकट असलेली. त्याने हे तीनदा रेकॉर्ड केलं, १९०२ आणि १९०४ ला नुसत्या पियानोवर आणि मग १९०७ ला, पण १९०७ चंच लावा.

नंदुरबारची_माई
मी गाणं शिकवते म्हणून लिहिते. वेस्ती ला जुब्बा नुसतं लावून देऊ नका, आधी प्रसंग सांगा. कानिओ हा गावोगाव फिरणाऱ्या तमाशासारख्या नाटक मंडळीचा मालक. बायको दुसऱ्याची झालीये हे त्याला आत्ताच कळलंय आणि बाहेर लोक तिकीट काढून बसलेत, खेळ सुरू व्हायचाय, सोंग हसणाऱ्या विदूषकाचं. तो स्वतःला म्हणतो, अंगरखा चढव, तोंडाला पीठ फास, लोक पैसे देतात त्यांना हसायचंय.

सुरुवातीला तो जवळजवळ बोलतो, सूर कमी शब्द जास्त, जसं आपल्या नाट्यगीतात गद्यातून पदात शिरताना होतं. मग एक हसणं येतं, ते गायलेलं नाही, कडू हसणं आहे. आणि मग "रीदी पाल्याच्चो" ही ओळ. मुलांना सांगा इथे श्वास मोजा. कारुसो वर चढतो तो ढकलत नाही, आवाज खालीच रुंद झालेला असतो आणि ती रुंदी घेऊन वर जातो. लान्झाचं तेच ऐका, तो सुंदर आहे, चमकतो, पण वर गेला की जोर लावतोय हे कळतं, दर ओळ शेवटची असल्यासारखी गातो. तरुण मुलांना तोच जास्त आवडेल, आवडू दे. दोन्ही पाठोपाठ लावा, वर्गात जे बोलणं होईल ते तुमच्या भाषणापेक्षा चांगलं होईल.

आणि तात्या, एक तुमच्यासाठी. आदा गेल्यावर हा माणूस पुढची कितीतरी वर्षं कानिओ गात राहिला. बायको दुसऱ्याबरोबर गेली आणि तोंडाला पीठ लावून स्टेजवर जायचं. हे सिनेमावाल्यांच्या हातात आयतं होतं आणि त्यांनी ते टाकून दिलं. खोटं दाखवलं यापेक्षा मला याचंच जास्त वाईट वाटतं.

धुळ्याचे_तात्या
माई, हे मी म्हणायला पाहिजे होतं. एकदम बरोबर.

अजून एक टाकून दिलेलं सांगतो. नेपल्सने त्याला १९०१ ला आपल्याच गावात थंड वागणूक दिली, समीक्षकांनी टोचून लिहिलं. गडी एवढा चिडला की म्हणे इथे परत गाणार नाही, येईन तर फक्त शेवया खायला. आणि खरंच परत कधी गायला नाही तिथे. मरायला मात्र तिथेच आला. खान्देशी माणूस वाटतो मला यात, एकदा फिरला की फिरला.

रावेर_केळीबाग
मी फक्त वाचत होतो पण एक विचारतो. लान्झाचं पुढे काय झालं? कारण एवढं गाणारा माणूस आणि आम्ही नाव पण नाही ऐकलं.

पिंप्राळ्याचा_श्रोता
त्याचं वाईट झालं. वजन, दारू, स्टुडिओशी भांडणं. द स्टुडंट प्रिन्स नावाच्या सिनेमाची गाणी त्याने रेकॉर्ड केली आणि मग स्टुडिओशी फाटलं, तर एमजीएमने पडद्यावर दुसराच नट घेतला, एडमंड पर्डम, आणि त्याच्या तोंडी लान्झाचा आवाज. १९५४ ला आला तो. म्हणजे पॅसेंजरभाऊ तुला जे प्लेबॅक वाटत नव्हतं, ते तीन वर्षांत लान्झाच्याच नशिबी आलं, आणि हिरोइन परत अॅन ब्लाइथच. १९५९ ला रोममध्ये गेला, ३८ व्या वर्षी. कारुसोपेक्षा दहा वर्षं कमी जगला.

पण त्याचं नाव ऐकलं नसेल तरी काम ऐकलंय सगळ्यांनी. पुढे मोठा टेनर झालेला होझे कारेरास बार्सिलोनात सहा वर्षांचा असताना हा कारुसो सिनेमा बघून आला आणि घरी दिवसभर तीच गाणी ओरडत बसला, तिथून त्याचं गाणं सुरू झालं. दोमिंगो आणि पावारोत्ती हे दुसरे दोन मोठे टेनरही लान्झाचं नाव घ्यायचे. १९९० ला रोममध्ये फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी तिघं एकत्र गायले ते आठवतं ना, टीव्हीवर सगळ्या जगाने बघितलं होतं. म्हणून मी तात्यांना म्हणतो की दाखवा. चरित्र म्हणून हा सिनेमा नापास आहे, मला पण मान्य. पण तो बघून पोरं गायला लागली, आणि ती पुढे साधीसुधी निघाली नाहीत.

धुळ्याचे_तात्या
कारेराससारखं एखादं निघालं भुसावळातून तर मी माझं म्हणणं मागे घेईन. तोपर्यंत माझी एकच अट, सिनेमा सुरू व्हायच्या आधी आदा जाकेत्तीचं नाव घ्या. मग दाखवा काय दाखवायचं ते.

तबकडीवाला_अमळनेर
आणि कारुसो स्वतः सिनेमात आला होता हे पण सांगा, लोक हसतील. १९१८ चा, माय कझिन, मूकपट! जगातला सगळ्यात महाग गळा आणि पडद्यावर नुसतं तोंड हलतंय. अर्थातच पडला. बनवला होता जेसी लास्कीने, आणि तोच लास्की तेहतीस वर्षांनी या लान्झाच्या सिनेमात सहनिर्माता. त्याच्या डोक्यातून कारुसो काही गेला नाही.

भुसावळ_पॅसेंजर
ठरलं मग. आधी आदाचं सांगतो (तात्या 🙏), मग गैसबर्ग आणि गौहरजान, मग माईंनी सांगितलं तसं वेस्ती ला जुब्बा दोघांचं पाठोपाठ, आणि मग सिनेमा. सिनेमा पावणेदोन तासाच्या वर आहे त्यामुळे सरांना सांगून जरा लवकर सुरू करावं लागेल नाहीतर लहान पोरं पेंगतील. शेवट झाला की लगेच सांगणार की हे असं नव्हतं झालं, आधी रडू देतो.

एक अडचण, क्लासात प्रोजेक्टर आहे पण आवाज लॅपटॉपचाच आहे.

नंदुरबारची_माई
लॅपटॉपवर अजिबात नको. १९०७ ची रेकॉर्ड त्यातून पत्र्यावर खडे टाकल्यासारखी येईल आणि मुलं म्हणतील हाच का तुमचा मोठा गायक. तानपुऱ्याच्या मशीनला जो स्पीकर लावता तो लावा निदान.

रावेर_केळीबाग
माझ्याकडे लग्नाच्या ऑर्डरीचा स्पीकर पडून आहे, बास जरा जास्त आहे पण कमी करता येतो. घेऊन येऊ का? बाहेरच्यांना चालतं ना क्लासात?

भुसावळ_पॅसेंजर
चालतं म्हणजे काय, ये ना भो. रविवारी चारला. पत्ता मेसेज करतो, स्टेशनपासून चालत येण्यासारखं आहे पण स्पीकर असेल तर रिक्षा कर. तबकडीवाले साहेब, तुम्ही आणि तात्या पण या, अमळनेरहून आणि धुळ्याहून काय लांब आहे. शेवभाजी माझ्याकडून.

धुळ्याचे_तात्या
तिखट असेल तर येतो.